‘ॲनार्की’ आणि ‘अराजक’ : एका शब्दाचा राजकीय इतिहास

इंग्रजीतील ‘ॲनार्की’ या शब्दाला मराठीने ‘अराजक’ हा प्रतिशब्द दिला आणि तो इतका सहज रुळला की, या दोहोंत काही अंतर असू शकेल अशी शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. शहरात दंगल उसळली की अराजक माजते, परीक्षांचा घोळ झाला की विद्यापीठात अराजक माजते, आणि कवीने छंद झुगारला की टीकाकाराला काव्यातही अराजक दिसू लागते. कायदा नाही, धरबंध नाही, कोणी कोणाला जुमानीत नाही, असा या शब्दाचा आजचा रूढ अर्थ आहे. परंतु एखादा शब्द जेव्हा इतका निःशंकपणे वापरला जातो, तेव्हा तो वस्तुस्थितीचे वर्णन करीत आहे की तिच्यावर निवाडा देत आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते. ‘ॲनार्की’चा अडीच हजार वर्षांचा इतिहास पाहता, हा शब्द बहुतेक वेळा निवाड्याचाच शब्द राहिला आहे, असे दिसून येते. तो कोणत्या परिस्थितीला लावला गेला याइतकेच, तो कोणी लावला हेही महत्त्वाचे आहे.

शब्दाचे मूळ ग्रीक आहे. ‘अन्’ हा अभावदर्शक उपसर्ग संस्कृतातील ‘अन्’चाच सहोदर होय. पुढील पद ‘आर्खोस’ म्हणजे नायक, शास्ता. ज्या धातूपासून ते आले त्याच धातूपासून आलेल्या ‘आर्खी’ या नामाचे दोन अर्थ आहेत : आरंभ आणि सत्ता. जो प्रथम पाऊल टाकतो तोच पुढारी, ही कल्पना त्या भाषेच्या पोटात आहे. तेव्हा ‘अनार्खिया’ म्हणजे पुढे कोणी नसण्याची अवस्था. सेनापतीवाचून राहिलेल्या सैन्याच्या तुकडीलाही हा शब्द लागू पडे. त्यात दंगा, लूट, रक्तपात यांचा अंतर्भाव मुळात नव्हता. असलाच तर तो अनुमानाने येई.

अथेन्स नगरीत या शब्दाला एक अगदी काटेकोर, जवळजवळ दप्तरी म्हणावा असा अर्थ होता. तेथे दरवर्षी नऊ ‘आर्खोन’ म्हणजे शासनाधिकारी निवडले जात आणि त्यांपैकी एकाच्या नावाने ते वर्ष ओळखले जाई. अमक्या आर्खोनच्या वर्षी अमुक घडले, अशी कालगणनेची रीत होती. ज्या वर्षी आर्खोनची निवडच झाली नाही त्या वर्षाला नाव कोणाचे द्यावयाचे? अशा वर्षापुढे ‘अनार्खिया’ असे लिहिले जाई. अथेन्सच्या राज्यघटनेवरील जो ग्रंथ ॲरिस्टॉटलच्या नावावर आहे, त्यात सोलोननंतरच्या काळात पक्षकलहामुळे अशी वर्षे आल्याचे नमूद आहे. हा ग्रंथ शतकानुशतके लुप्त होता. ईजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसावरून तो १८९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. या नोंदींवरून एवढे निश्चित होते की, मूळ संस्थात्मक अर्थाने ‘अनार्खिया’ म्हणजे एका आसनाचे रिकामे राहणे.

परंतु त्याच नगरीत हा शब्द लवकरच निराळ्या कामी आला. इ.स.पू. ४०४ मध्ये स्पार्टाशी चाललेल्या दीर्घ युद्धात अथेन्सचा पराभव झाला आणि विजेत्यांच्या पाठबळावर तीस जणांचे मंडळ सत्तेवर आले. या मंडळाने पायथोडोरस नावाच्या गृहस्थाची आर्खोन म्हणून नेमणूक केली होती. म्हणजे आसन रिकामे नव्हते. राज्यकारभारही ढिला नव्हता. उलट नागरिकांची नावनिशीवार यादी करणे, मालमत्ता जप्त करणे, विषाचा पेला पाजणे ही सर्व कामे शिस्तीने चालू होती. या राजवटीत सुमारे १,५०० माणसे मारली गेल्याचा आकडा उपरोक्त ग्रंथात दिला आहे. पुढे लोकसत्ता पुनःस्थापित झाल्यावर अथेन्सच्या लोकांनी पायथोडोरसचे नाव कालगणनेतून वगळले आणि त्या वर्षाला ‘अनार्खिया’ म्हणण्याचा प्रघात पाडला. त्याची निवड अल्पजनसत्तेच्या काळात झाली होती, हे त्याचे कारण झेनोफनने सांगून ठेवले आहे. ज्या वर्षी शासन सर्वांत कठोर होते तेच वर्ष इतिहासात शासनशून्य म्हणून नोंदले गेले. राज्य करणारा होता, पण त्याचे राज्य हे राज्यच नव्हे, असा तो निवाडा होता. शब्दाच्या पुढील सर्व प्रवासाचे बीज या एका नोंदीत सापडते.

ग्रीक नाटककारांनी आणि तत्त्वज्ञांनी या बीजाला वेगवेगळी पालवी फुटू दिली. सोफोक्लीझच्या ‘अँटिगनी’त अनार्खियासारखे दुसरे संकट नाही असे बजावणारा क्रेऑन आहे, आणि त्याच क्रेऑनच्या हट्टाने नाटकाच्या अखेरीस त्याचे घर उद्ध्वस्त होते. शब्द कोणाच्या मुखी घातला आहे हे न पाहता तो सुभाषितासारखा उद्धृत करणाऱ्यांनी सोफोक्लीझवर अन्यायच केला आहे. इस्किलसच्या ‘युमेनिडीझ’मध्ये, म्हणजे इ.स.पू. ४५८ मध्ये, अनार्खिया आणि जुलमी सत्ता या दोहोंपासून सारखेच दूर राहण्याचा उपदेश आढळतो. प्लेटोने मात्र ‘रिपब्लिक’च्या आठव्या खंडात अनार्खियाची सांगड थेट लोकसत्तेशी घातली आणि तिच्यातूनच हुकूमशहा जन्मतो असे प्रतिपादन केले. युरोपातील राजकीय विचाराने पुढे दीर्घकाळ प्लेटोचाच कित्ता गिरवला.

या ठिकाणी संस्कृत परंपरेकडे वळणे आवश्यक आहे, कारण मराठीतील ‘अराजक’ हा शब्द ग्रीकाचे भाषांतर म्हणून जन्मलेला नाही. त्याला स्वतःचा इतिहास आहे. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या निधनानंतर राम वनात आणि भरत आजोळी असताना, मार्कंडेयादी द्विज आणि अमात्य वसिष्ठांपुढे अराजक जनपदाचे चित्र उभे करतात. तेथे पाऊस पडत नाही, व्यापारी निर्भयपणे प्रवास करीत नाहीत, माणसे माशांप्रमाणे एकमेकांना गिळतात. हे वर्णन अयोध्येत घडलेल्या कोणत्याही उत्पाताचे नाही. ती भीती आहे, आणि तिला निमित्त झाले आहे रिकामे सिंहासन. कोणालातरी लवकर राजा करा, हे त्या भाषणाचे प्रयोजन होय. अथेन्सच्या कालगणनेतील रिकामी जागा आणि अयोध्येतील रिकामे सिंहासन यांचे साम्य सहज दिसते, पण भेदही ध्यानात घेतला पाहिजे. ग्रीक शब्दात ज्याचा अभाव सांगितला आहे तो कोणताही शास्ता. संस्कृत शब्दात ज्याचा अभाव आहे तो राजाच.

महाभारताच्या शांतिपर्वात हाच प्रश्न अधिक मोकळेपणाने हाताळला आहे. एके ठिकाणी राजावाचून मत्स्यन्याय माजतो म्हणून लोकांनी मनूला राजा केल्याची कथा येते. दुसऱ्या ठिकाणी, आरंभी राज्यही नव्हते आणि राजाही नव्हता, दंडही नव्हता आणि दंड देणाराही नव्हता. प्रजा धर्मानेच परस्परांचे रक्षण करीत होती, असे भीष्म सांगतात. ती अवस्था पुढे मोहामुळे ढळली, हे खरे. परंतु राजा नसणे म्हणजे अनर्थ असणे हे समीकरण निरपवाद नाही, एवढी जाणीव त्या कथनात स्पष्ट आहे. जैन आचारांगसूत्रात भिक्षूंनी ज्या प्रदेशांतून जाण्याचे टाळावे त्यांच्या यादीत गणराज्य, द्विराज्य यांच्या शेजारी अराजक प्रदेशही गणला आहे. काशीप्रसाद जयस्वाल यांनी १९२४ मधील आपल्या ‘हिंदू पॉलिटी’ या ग्रंथात अशा उल्लेखांच्या आधारे ‘अराजक’ हा प्राचीन भारतातील राज्यव्यवस्थेचाच एक प्रकार असल्याचे मत मांडले. ते सर्वमान्य झाले नसले, तरी दंगल आणि राजविहीन व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याकडे त्याने लक्ष वेधले.

इंग्रजीत ‘ॲनार्की’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिन आणि फ्रेंच या मार्गाने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात आला. पुढच्याच शतकात इंग्लंडने गृहयुद्ध पाहिले, आणि १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद होऊन सिंहासन खरोखरच रिकामे झाले. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथात टॉमस हॉब्सने या शब्दाची जी चिकित्सा केली ती आजही शिळी झालेली नाही. राजसत्तेवर जे नाराज असतात ते तिला जुलूम म्हणतात, श्रेष्ठजनसत्तेवर जे रुष्ट असतात ते तिला टोळीशाही म्हणतात, आणि लोकसत्तेत ज्यांना जाच होतो ते तिला ॲनार्की म्हणतात. ही वेगळ्या शासनप्रकारांची नावे नसून तेच प्रकार नावडते झाले म्हणजे त्यांना मिळणारी नावे आहेत, असे त्याचे म्हणणे आहे. विशेष हे की, शासनाचा अभाव हॉब्सइतका भयंकर दुसऱ्या कोणाही इंग्रज विचारवंताला वाटला नाही. तरीही शब्दाच्या वापरातील पक्षपात त्याने झाकला नाही.

मिल्टनने १६६७ मधील ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात आदिम गोंधळालाच एक वृद्ध अधिपती कल्पून त्याला ‘ॲनार्क’ म्हटले. शास्त्याच्या अभावाचाही एक शास्ता असावा, हा विरोधाभास मिल्टनच्या मनात सहेतुक असला पाहिजे. याच काव्यासाठी त्याने घडविलेल्या ‘पँडिमोनियम’ या शब्दाची कथाही बोलकी आहे. मिल्टनच्या काव्यात ते सैतानाच्या राजधानीचे नाव आहे, आणि तेथे भरणारी सभा रीतसर चर्चा करून निर्णय घेणारी आहे. पुढील वापरात मात्र पँडिमोनियम म्हणजे नुसता कल्लोळ उरला. सभा दुष्टांची असली की ती गोंगाटाचीच असणार, असे भाषेने ठरवून टाकले.

शेलीने या शब्दाचा अर्थ पुन्हा अथेन्सच्या त्या वर्षाकडे नेला. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर मताधिकाराच्या सुधारणेसाठी शांतपणे जमलेल्या प्रचंड जमावावर घोडदळ घालण्यात आले, माणसे मेली, शेकडो जखमी झाली. इटलीत असलेल्या शेलीने हे वृत्त कळताच ‘द मास्क ऑफ ॲनार्की’ हे काव्य लिहिले. त्या काळी मैदानावरील जमाव म्हणजे ॲनार्की, अशी सरकारपक्षाची भाषा होती. शेलीच्या काव्यात ॲनार्की घोड्यावर बसून येते. तिच्या मस्तकी मुकुट आहे, हाती राजदंड आहे, आणि वकील, धर्मोपदेशक तिच्यापुढे लवतात. कायद्याच्या नावाने कायदा तुडविणारे शासन हीच खरी अराजकता, हा निवाडा कवीने दिला. तो छापण्याचे धैर्य लगेच कोणी केले नाही. ली हंटने ते काव्य १८३२ मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध केले. याउलट मॅथ्यू आर्नल्डच्या १८६९ मधील ‘कल्चर अँड ॲनार्की’ या ग्रंथामागे १८६६ साली लंडनमधील हाइड पार्कचे कठडे मोडणारा जमाव उभा आहे. मनाला येईल तसे वागणे, हा त्याच्या लेखी ॲनार्कीचा अर्थ. एकाच देशात, पन्नास वर्षांच्या आत, जवळजवळ सारख्याच मागणीसाठी जमलेल्या लोकांसंबंधी बोलताना एका कवीने हा शब्द सिंहासनाकडे फेकला आणि दुसऱ्याने रस्त्याकडे.

दरम्यान शब्दाला तिसरा अर्थ प्राप्त झाला होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ‘ॲनार्किस्ट’ ही विरोधकांना द्यावयाची शिवी होती. १८४० मध्ये प्रूधोंने मालमत्तेविषयीच्या आपल्या ग्रंथात ती शिवी बिरुदासारखी स्वतःला लावून घेतली आणि समाज खरी सुव्यवस्था शासनाच्या अभावातच शोधतो असे म्हटले. दंडसत्तेवाचून, परस्पर सहकार्याने समाज चालू शकेल, हा विचार विल्यम गॉडविनने १७९३ मध्येच मांडला होता. आता त्याला नाव मिळाले. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या अकराव्या आवृत्तीत या विषयावरील लेख लिहिण्याचे काम या विचाराचा पुरस्कर्ता क्रपॉट्किन याच्याकडे सोपविले होते. परंतु त्याच काळात काही ॲनार्किस्टांनी शस्त्र उचलले होते. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो आणि १९०१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली त्यांच्या हातून मारले गेले. परिणामी सामान्य वाचकाच्या मनात ‘ॲनार्किस्ट’ म्हणजे बाँब फेकणारा, एवढीच प्रतिमा उरली.

हिंदुस्थानात हा शब्द आला तो या सर्व अर्थांचे ओझे घेऊन, आणि तो आणला राज्यकर्त्यांनी. मोगल सत्तेचा ऱ्हास आणि कंपनीची सत्ता यांमधील कालखंडाला ‘ॲनार्की’ म्हणणे हा इंग्रज इतिहासकारांचा परिपाठ झाला. एच. जी. कीन याने १९०१ मध्ये या काळावर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘द ग्रेट ॲनार्की’, आणि त्याचे उपशीर्षक पहाटेपूर्वीचा अंधार असे सुचविणारे. पहाट कोणती हे सांगण्याची गरजच नव्हती. ज्या मराठी राज्याचा या अंधारात समावेश होत होता, त्याच्या कारभाराची साक्ष पुण्याच्या पेशवे दप्तरातील असंख्य रुमाल देत होते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. वसूल, वतने, तंटे, निवाडे, सैन्याचा खर्च यांच्या नोंदी त्यांत पानोपानी आहेत. आसन रिकामे नव्हते; त्यावर इंग्रज नव्हता, इतकेच.

मात्र हा दोष इंग्रजांपुरता मर्यादित मानण्याचे कारण नाही. मराठी माणूस अन्याय आणि अंदाधुंदी पाहून ‘ही काय मोगलाई आहे?’ असे विचारतो, तेव्हा तोही परक्याच्या राज्याला गोंधळाचे नाव देत असतो. वास्तविक मोगलांची महसूलव्यवस्था आणि मनसबदारी या कमालीच्या रेखीव संस्था होत्या. आणि बंगालात १७४० नंतरच्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या ज्या स्वाऱ्या झाल्या, त्यांची आठवण बंगाली भाषेने ‘बर्गी’ या शब्दात जपली आहे. मराठी सैन्यात सरकारी घोडा मिळणारा ‘बारगीर’ हा एक रीतसर दर्जा होता. बंगालच्या गंगारामाने ‘महाराष्ट्रपुराणा’त ज्यांचे वर्णन केले तो बर्गी म्हणजे मूर्तिमंत लूट. कलकत्त्याच्या रहिवाशांनी त्यांच्या भयाने खंदक खणला, तो मराठा खंदक म्हणून ओळखला गेला. बंगाली शेतकऱ्याच्या दुःखापुढे पुण्याच्या दप्तरातील नोंदी पुढे करणे हे उत्तर होऊ शकत नाही. एकाच सैन्याची शिस्त आणि अराजक ही दोन्ही खरी असू शकतात. पाहणारा कोठे उभा आहे यावर त्यांतील काय दिसावे हे अवलंबून असते. आंद्रे विंक यांनी १९८६ मध्ये मराठ्यांच्या राज्यपद्धतीचा अभ्यास करताना ‘फितवा’ या संकल्पनेलाच मध्यवर्ती स्थान दिले आणि ज्याला बंडाळी म्हटले गेले ती राज्य उभारण्याचीच एक रीत होती असे दाखविण्याचा प्रयत्न केला. पुढे २०१९ मध्ये विल्यम डॅलरिंपल यांनी ‘द ॲनार्की’ हेच नाव ईस्ट इंडिया कंपनीच्या उदयाच्या इतिहासाला दिले. कीनच्या पुस्तकापासून ११८ वर्षांनी त्या शब्दाचा रोख पहाट आणणाऱ्यांकडे वळला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा शब्द इतिहासग्रंथांतून कायद्याच्या पुस्तकात शिरला. १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला बाँब पडल्यानंतर क्रांतिकारकांना ‘ॲनार्किस्ट’ म्हणण्याची सरकारी आणि अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांची पद्धत पक्की झाली. टिळकांनी त्या वर्षीच्या ‘केसरी’तील लेखनात हा शब्द येथे लागू पडत नाही असे बजावले : युरोपातील ॲनार्किस्ट शासनसंस्थेचाच द्वेष करतो, बंगालच्या तरुणाला स्वदेशाचे शासन हवे आहे, साधन एक म्हणून तत्त्व एक होत नाही. त्याच वर्षीच्या ‘केसरी’तील लेखांबद्दल त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे मार्च १९१९ मध्ये जो कायदा रौलट कायदा म्हणून कुप्रसिद्ध झाला, त्याच्या अधिकृत नावातच ‘ॲनार्किकल’ आणि ‘रेव्होल्यूशनरी’ गुन्ह्यांचा उल्लेख होता. खटल्यावाचून स्थानबद्धता आणि अपिलावाचून शिक्षा यांची तरतूद त्यात होती. ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ हे लोकांनी केलेले त्याचे वर्णन कायद्याच्या भाषेपेक्षा अचूक होते. महिना उलटण्यापूर्वीच, १३ एप्रिल रोजी, जालियनवाला बागेत गोळीबार झाला. सरकारी हिशेबानेच ३७९ माणसे मेली. अराजकाचा बंदोबस्त करणारा कायदा आणि अथेन्सच्या तीस जणांची शिस्त यांत फारसे अंतर उरले नाही. तो कायदा १९२२ मध्ये रद्द झाला.

याच शब्दाला गांधीजींनी दिलेले वळण सर्वांत अनपेक्षित होते. फेब्रुवारी १९१६ मध्ये काशीला हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात, राजेमहाराजांच्या आणि ॲनी बेझंटांच्या उपस्थितीत, ते स्वतःला ॲनार्किस्ट म्हणाले. मात्र बाँबवाल्यांहून निराळ्या प्रकारचे. सभेत गडबड उडाली आणि भाषण अर्धवट राहिले. वृत्तपत्रांतून त्या भाषणाची हकीकत वाचून काशीतच अध्ययन करीत असलेल्या विनायक नरहर भावे या कोकणातल्या तरुणाने गांधीजींशी पत्रव्यवहार केला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो कोचरबच्या आश्रमात दाखल झाला. विनोबांनी पुढे ज्या समाजाचे स्वप्न पाहिले त्याला त्यांनी अराजक म्हटले नाही, ‘शासनमुक्त’ म्हटले. अभाव सांगणारा ‘अ’ टाकून सुटका सांगणारा ‘मुक्त’ घेतला.

भाषांतरकाराला या इतिहासातून मिळणारा धडा कोशापुरता नाही. ‘ॲनार्की’ या एकाच इंग्रजी शब्दापुढे तीन गोष्टी उभ्या असतात : रिकामे आसन, माजलेली बेबंदशाही, आणि दंडावाचून जगण्याचा विचार. मराठीजवळ पहिलीसाठी अराजक, दुसरीसाठी बेबंदशाही, अंदाधुंदी, पुंडाई यांसारखे जिवंत शब्द आणि तिसरीसाठी विनोबांचा शब्द आहे. क्रपॉट्किनचे भाषांतर करताना ‘अराजकवाद’ लिहिले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे दंगल उभी राहते आणि विचार ऐकला जाण्यापूर्वीच दोषी ठरतो. शेलीचे भाषांतर करताना ‘अराजक’ लिहिले, तर मुकुट घातलेल्या आकृतीला ‘राजा नसणे’ असे नाव दिल्याने एक विसंगती उद्भवते. पण तेथे ती विसंगतीच कवीला हवी आहे, म्हणून ती राखली पाहिजे. आर्नल्डसाठी कदाचित ‘स्वैराचार’ अधिक जवळचा. आणि जेथे एखाद्या कालखंडाला, प्रांताला किंवा लोकसमूहाला हे नाव दिलेले आढळेल, तेथे प्रतिशब्द शोधण्यापूर्वी, त्या वर्षी अथेन्समध्ये पायथोडोरसचे नाव कोणी खोडले हे विचारावे. खोडणाऱ्यांची बाजू न्याय्य असू शकते. अथेन्सच्या लोकांची ती होती. परंतु ती न्याय्य आहे हे पुराव्याने ठरवावे लागते. नुसत्या शब्दाने ते ठरत नाही.